किल्ली कुणाकडे?

"क्वांटम"ला मराठीत "पुंज" म्हणतात, हे मला टी.ई.च्या सेमिनारचा विषय ठरल्यानंतर कळलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे फोटॉन, पोलरायझेशन, एन्क्रिप्शन हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीतच बसलेलं. पण माझी रूममेट दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मग तालुक्याच्या हायस्कुलात शिकलेली. तिने एका वाक्यात निकाल लावला. "अगं, ताऱ्यांचा पुंजका असतो ना? तसा छोटासा पुंजका. त्याच्याहून लहान करता येत नाही, एवढंच." आमच्या क्वांटमच्या सरांनी तीन लेक्चर्स घेऊन जे सांगितलं ते बहुधा हेच होतं.

विषय होता उपग्रहातून गुप्त किल्ल्या वाटण्याचा. सरांनी विषयाचा कागद वाचला आणि विचारलं, "उपयोग काय?" रूममेटने मात्र वेगळाच प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाने माझं सेमिनार, झोप आणि अर्धी पी.एल. खाल्ली. तो पुढे येईलच. आधी किल्लीचं सांगते.

कुठलाही गुप्त निरोप म्हणजे कुलूप लावलेली पेटी. पेटी पोस्टाने पाठवा, रेडिओवरून पाठवा, चोराने बघितली तरी हरकत नाही. पण समोरच्याकडे किल्ली पाहिजे. आणि ती किल्ली त्याच्याकडे पोचवायची कशी? पेटीत घालून पाठवता येत नाही! क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये गणिताने सिद्ध करून ठेवलं आहे की निरोपाइतकीच लांब, पूर्ण रँडम आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल तर ते कुलूप कोणीही, कितीही मोठ्या कॉम्प्युटरने फोडू शकत नाही. म्हणजे कुलपाचा प्रश्न पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच सुटलाय. अडलंय ते किल्लीच्या वाहतुकीपाशी.

पूर्वी किल्ल्या माणसं वाहायची. १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात हॉटलाइन सुरू झाली (सिनेमात दाखवतात तसा लाल फोन नव्हता तो, टेलिप्रिंटर होता), तेव्हा तिच्या किल्ल्यांच्या टेप दोन्ही देश आपापल्या वकिलातीमार्फत हातोहात पोचवत असत. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांवर किल्ल्यांची पुस्तकं असत. ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात यू-५५९ ही जर्मन पाणबुडी बुडत होती. पेटार्ड या ब्रिटिश युद्धनौकेवरचे तिघे जण तिच्याकडे गेले. टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर आत उतरून पुस्तकं वर देत राहिले, आणि कँटीनमध्ये काम करणारा टॉमी ब्राउन नावाचा पोरगा ती वर घेत राहिला. पाणबुडी अचानक खाली गेली. पोरगा वाचला, आतले दोघे गेले. त्या पुस्तकांच्या आधाराने ब्लेचली पार्कमध्ये डिसेंबरपासून जर्मन पाणबुड्यांचे संदेश पुन्हा वाचता येऊ लागले. टॉमी ब्राउन तेव्हा सोळा वर्षांचा होता. आपल्या एफ.ई.च्या मुलांपेक्षाही लहान.

हा किस्सा मी रूममेटला सांगितला तेव्हा ती गप्प झाली. तिचा मोठा भाऊ सैन्यात आहे. कुठे आहे ते घरी सांगत नाही, घरचे विचारत नाहीत. रविवारी रात्री फोन आला तर आला. तोपर्यंत तिला माझा विषय म्हणजे "परदेशातल्या लोकांचे रिकामे उद्योग" वाटत होता. त्या रात्रीपासून ती रोज विचारायला लागली, "मग पुढे?"

पुढे असं की १९७६-७७ च्या सुमारास एक मोठी युक्ती सापडली. डिफी-हेलमन आणि आरएसए या आपल्या सिलॅबसमधल्या पद्धतींनी भेट न होताच किल्ली ठरवता येऊ लागली. बँकेचं अ‍ॅप, रेल्वेचं तिकीट, सगळं त्याच कुळातल्या पद्धतींवर चालत आलंय. पण तिथे सुरक्षितता टिकते ती "हे गणित सोडवायला फार वेळ लागतो" एवढ्याच आधारावर. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर असेल तर ते गणित झटक्यात सुटतं. तसा कॉम्प्युटर अजून कोणी बनवलेला नाही. पण आजचे गुप्त निरोप आज साठवून ठेवायचे आणि कॉम्प्युटर आला की उघडायचे, हे करायला काय अडचण आहे? प्रेमपत्रांचं ठीक आहे, वीस वर्षांनी कोणी वाचली तर हसेल. सगळीच पत्रं प्रेमपत्रं नसतात.

यावरचा उपाय गणितात न शोधता निसर्गात शोधला तो चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार या दोघांनी. त्यांची पहिली भेट १९७९ मध्ये पोर्तो रिकोला एका कॉन्फरन्सच्या वेळी समुद्रात पोहताना झाली म्हणतात. बेनेट पोहत पोहत ब्रासारपाशी आले आणि ओळखदेख नसताना थेट क्वांटमबद्दल बोलायला लागले. (आमच्या वर्गात असं कोणी केलं असतं तर लोक किनाऱ्याकडे पळाले असते.) आणि आता खरी गंमत. या दोघांनी आपला तो प्रसिद्ध पेपर, ज्याला जग आज बीबी-८४ म्हणतं, तो डिसेंबर १९८४ मध्ये सादर केला आपल्या बंगळूरच्या एका कॉन्फरन्समध्ये! या विषयाचा जन्मदाखला काढायचा तर बंगळूर महापालिकेत जावं लागेल. हे मला माहीत नव्हतं, सरांनाही नव्हतं. माझ्या सेमिनारात टाळी मिळालेली ही एकच जागा.

बीबी-८४ समजायला अवघड नाही. फोटॉनला एक दिशा असते, पोलरायझेशन. पाठवणारी ०-१ दोन प्रकारे लिहू शकते: एकतर उभं-आडवं, नाहीतर तिरकं, या कानाकडून किंवा त्या कानाकडून. घेणाराही दर फोटॉनला आपल्या मनाने एक प्रकार निवडून मोजतो. प्रकार जुळला तर उत्तर बरोबर येतं. नाही जुळला तर उत्तर म्हणजे निव्वळ छापा-काटा, आणि वर फोटॉनवर मुळात काय लिहिलं होतं ते कायमचं पुसलं जातं. नंतर दोघं उघड फोनवर फक्त "मी कुठला प्रकार वापरला" एवढंच सांगतात, न जुळलेले फोटॉन फेकून देतात, उरते ती किल्ली.

आता मधे चोर बसला. त्याला प्रकार माहीत नाही, अंदाजाने मोजणार. निम्म्या वेळा चुकणार, आणि चुकला की पुढे पाठवलेला फोटॉन निम्म्या वेळा चुकीचं उत्तर देणार. म्हणजे किल्लीतल्या दर चार बिटांपैकी सरासरी एक बिघडणार. दोघांनी शंभर बिट ताडून बघितले तर चोर एकदाही न सापडण्याची शक्यता म्हणजे पाऊणचा शंभरावा घात. कॅल्क्युलेटरवर करून बघा, तीन लाख कोटींत एक येते. किल्ली चोरता येतच नाही असा इथे दावा नाही. दावा असा आहे की चोरी लपत नाही. चोरी झाली असं दिसलं की किल्ली टाकून द्यायची, निरोप अजून पाठवलेलाच नसतो!

पहिला प्रयोग १९८९ मध्ये आयबीएमच्या लॅबमध्ये झाला. फोटॉनने केलेला प्रवास किती? सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे आपली लांब पट्टी. आणि त्यातही विनोद असा की पोलरायझेशन बदलणाऱ्या यंत्राचा पॉवर सप्लाय ०ला वेगळा आणि १ला वेगळा आवाज करायचा. तेव्हा हे यंत्र फक्त बहिऱ्या चोरापासून सुरक्षित आहे, अशी ब्रासार स्वतःच थट्टा करत. मला हे लोक आवडतात. आपल्याकडे प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही की आपण जर्नलमध्ये जुळवून टाकतो.

३० सेंटिमीटरवरून ३०० किलोमीटरवर जायचं तर फायबर आहेच की, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. मग एका रात्री मेसमधून आल्यावर मी गणित मांडलं. चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरला ०.२ डेसिबल लॉस. ५० किलोमीटरला १० डेसिबल, म्हणजे दहातला एक फोटॉन पोचतो. हरकत नाही. आता १२०० किलोमीटर घ्या. २४० डेसिबल. एकावर चोवीस शून्यं एवढे फोटॉन सोडले तर एक पोचणार. सेकंदाला १० अब्ज फोटॉन सोडणारा आदर्श लेझर घेतला तरी एक फोटॉन पोचायला सुमारे ३२ लाख वर्षं लागतात. तो पोचला तरी घेणाऱ्याने निम्म्या वेळा चुकीचा प्रकार निवडलेला असणार, म्हणजे किल्लीचा एक बिट साधारण ६० लाख वर्षांनी. मला वाटलं कुठेतरी शून्य जास्त पडलंय. पण चिनी शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या पेपरातही हाच आकडा आहे. ६० लाख वर्षं! एटीकेटी क्लिअर व्हायला तरी त्यापेक्षा कमी वेळ लागतो.

मग टेलिफोनवाल्यांसारखे मधे मधे अ‍ॅम्प्लिफायर का लावत नाहीत? रूममेटने विचारलंच. इलेक्ट्रॉनिक्सची आहे ती. तर इथेच ग्यानबाची मेख आहे. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नक्कल करणारा. आणि अनोळखी फोटॉनची हुबेहूब नक्कल निसर्ग करूच देत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालंय. नक्कल करता आली असती तर चोरानेही केली असती. ज्या नियमामुळे चोर अडतो, त्याच नियमामुळे आपणही अडतो.

म्हणून वर जायचं. हवेचा जाडजूड थर खालच्या साधारण १० किलोमीटरमध्येच आहे, त्याच्यावर जवळजवळ पोकळी, आणि पोकळीत फोटॉन शोषला जात नाही. फायबरमध्ये दर पन्नास किलोमीटरला नऊ दशांश फोटॉन मरतात. उपग्रहापासून खाली येताना नुकसान होतं ते मुख्यतः झोत पसरल्यामुळे. १२०० किलोमीटरवरून आलेला झोत जमिनीवर १२ मीटरभर पसरतो. खाली एक मीटरची दुर्बीण असेल तर क्षेत्रफळाच्या हिशोबाने १४४ मधला एक फोटॉन सापडतो. हवा, आरसे, डिटेक्टर यांचं नुकसान वेगळं. तरी कुठे १४४ आणि कुठे एकावर चोवीस शून्यं!

हे करून दाखवलं चीनने. १६ ऑगस्ट २०१६ ला गोबी वाळवंटातल्या ज्युछुआन तळावरून त्यांनी सहाशे किलोच्या वर वजनाचा एक उपग्रह सोडला. त्याचं नाव मो-त्झू, इंग्रजीत मिशस. मो-त्झू हा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काळातला चिनी विचारवंत. बारीक भोकातून प्रकाश सरळ रेषेत जातो आणि चित्र उलटं पडतं, याची नोंद त्याच्या नावाच्या ग्रंथात आहे. प्रकल्पाचे प्रमुख पान च्यान-वेइ. त्यांनी पीएच.डी. केली व्हिएन्नात, अँटन झाइलिंगर यांच्या हाताखाली. शिष्याने उपग्रह सोडला आणि गुरूने त्यात भागीदारी केली. झाइलिंगर यांना २०२२ चं फिजिक्सचं नोबेल अ‍ॅलन अ‍ॅस्पे आणि जॉन क्लाउझर यांच्यासोबत मिळालं, ते मात्र त्यांच्या आधीच्या कामासाठी.

मिशस ५०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने जातो. एका स्टेशनला तो रात्रीतून एकदा नीट दिसतो, जेमतेम पाच मिनिटं. पाच मिनिटं म्हणजे किती, हे आकड्यावरून लक्षात येत नव्हतं. म्हणून आम्ही रेक्टर मॅडमकडून गच्चीची किल्ली मागून घेतली (त्यासाठी अर्ज, त्यावर सही, बरोबर वॉचमन मामा) आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जाताना पाहिलं. मिशस नुसत्या डोळ्यांनी दिसेल असं नाही, पण स्थानक दिसतं आणि त्याची उंचीही थोडी कमी, ४०० किलोमीटरच्या आसपास. पाण्याच्या टाकीमागून एक ठळक ठिपका उगवला, न लुकलुकता डोक्यावरून गेला आणि मुलांच्या हॉस्टेलच्या वर पोचता पोचता सावलीत शिरून विझला. मामांनी विचारलं, "विमान व्हतं?" रूममेट म्हणाली, "मामा, त्यात माणसं राहतात." मामा बराच वेळ वर बघत राहिले.

एवढ्या वेळात करायचं काय काय? खालून लाल आणि वरून हिरवा लेझर सोडून एकमेकांना शोधायचं, मग फोटॉन मोजायचे. उपग्रह फिरतो तसं पोलरायझेशनही फिरतं, म्हणून खालची काचही मोटरने तेवढीच फिरवायची. नेम मायक्रोरेडियनमध्ये धरायचा, म्हणजे हजार किलोमीटरवर एक मीटर इतका. हे सगळं रात्री आणि निरभ्र आकाशातच. दिवसा सूर्याच्या उजेडात आपला एकेक फोटॉन कोण ओळखणार? आणि ढग आले की खेळ खलास. कोकणात जूनमध्ये असं स्टेशन काढलं तर पहिली किल्ली दसऱ्याला मिळेल.

तरीही त्यांनी बीजिंगजवळच्या शिंगलुंग स्टेशनवर २७३ सेकंदांच्या एका फेरीत सुमारे ३ लाख बिटांची पक्की किल्ली मिळवली. परीक्षेच्या फॉर्मला ५० केबीच्या आतला फोटो लागतो ना? तसा एक फोटो अभेद्य कुलपात घालून पाठवता येईल एवढीच ही किल्ली. पण १२०० किलोमीटरवर फायबरशी तुलना केली तर दर वीस शून्यांनी जास्त.

आणि २९ सप्टेंबर २०१७ ला त्यांनी बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात, ७६०० किलोमीटरवर, व्हिडिओ कॉल लावला. पेपरात फोटो आले. पण बातम्यांमध्ये नसलेली गोष्ट सांगते. संपूर्ण कॉल काही शॅननच्या अभेद्य कुलपात नव्हता. तेवढी किल्ली होतीच कुठे? कॉल नेहमीच्या एईएस-१२८ ने बंद केला होता, त्याची किल्ली दर सेकंदाला बदलत होती, एवढंच. खरं अभेद्य कुलूप मिळालं ते दोन छोट्या चित्रांना. बीजिंगहून मो-त्झूचं चित्र गेलं, व्हिएन्नाहून श्रोडिंगरचं आलं. दोन्ही ५ केबीच्या आसपास.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने रूममेटला सांगितलं. वहीत आकृती काढली. उपग्रह चीनवर आला, त्याने चीनला एक किल्ली दिली. मग ऑस्ट्रियावर आला, त्यांना दुसरी दिली. मग दोन्ही किल्ल्यांची एक्स-ऑर करून ती उघड रेडिओवर सांगून टाकली. ऑस्ट्रियाकडे आपली किल्ली आहे, त्यावरून त्यांनी चीनची काढली. बाहेरच्या ऐकणाऱ्याला नुसत्या एक्स-ऑरवरून काहीच कळत नाही. किती सुंदर! तिने आकृती नीट पाहिली, पेन माझ्या हातातून घेतलं आणि उपग्रहाभोवती गोल केला.

"याच्याकडे दोन्ही किल्ल्या आहेत की गं."

आहेत.

"मग चोर मधे कशाला बसेल? तो यालाच विकत घेईल. नाहीतर यालाच बनवेल."

हा तो प्रश्न. पुस्तकी भाषेत याला ट्रस्टेड नोड म्हणतात, आणि पेपरात तो शब्द असा सहज येऊन जातो की मी तीनदा वाचूनही त्यावर थांबले नव्हते. सगळं निसर्गाच्या नियमांवर सोपवलं म्हणायचं आणि शेवटी उपग्रह बनवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा. आपल्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली ऑफिसात असते. मॅडमवर आमचा विश्वास आहे, म्हणून आम्हाला झोप लागते. पण तो विश्वास मॅडमवर आहे, कुलपावर नाही. एका देशाने दुसऱ्या देशाच्या उपग्रहातून किल्ली घ्यायची म्हणजे त्या देशाला आपल्या घरचा रेक्टर नेमणं. दादा जिथे कुठे असेल तिथल्या निरोपाची किल्ली परक्या उपग्रहातून यावी का, असं तिने विचारलं. तिला उत्तर नको होतं.

उपाय आहे. तो फार देखणा आहे, आणि आज तरी फार हळू आहे. उपग्रहाने एन्टँगल्ड फोटॉनची जोडी बनवायची, एक या स्टेशनला, एक त्या स्टेशनला, दोन्ही एकाच वेळी. किल्ली उपग्रहात नसतेच, ती खाली मोजल्यावर तयार होते. जोडी खरी आहे की कोणी भेसळ केली आहे, हे खालची दोघं आपापल्या मोजमापावरून तपासू शकतात. म्हणजे उपग्रह चोराने बनवला असला तरी चालेल! मिशसने २०१७ मध्ये अशा जोड्या १२०३ किलोमीटर दूरच्या दोन ठिकाणी पोचवल्या, आणि २०२० मध्ये ११२० किलोमीटरवरच्या तलिंगा आणि नानशान या स्टेशनांमध्ये त्यातून किल्लीही काढली. वेग सेकंदाला ०.१२ बिट. एकूण ३१०० सेकंदांत ३७२ बिट.

०.१२ म्हणजे काय हे समजायला आम्ही "दादा" हा शब्द पाठवायचा ठरवला. कॉम्प्युटरमध्ये आपलं एक अक्षर किंवा एक काना तीन बाइटचा, म्हणजे २४ बिटांचा. द, काना, द, काना. झाले ९६ बिट. तेवढी किल्ली जमायला ८०० सेकंद, सव्वातेरा मिनिटं. उपग्रह दोन्ही स्टेशनांना एकदम दिसतो तो वेळ पाच मिनिटांच्या आतला. तीन रात्री. तेही आकाश मोकळं असेल तर. ती म्हणाली, "मग पोस्टकार्डच टाकते."

सेमिनारला सरांनी अजून एक आक्षेप काढला, आणि तो योग्यच होता. अमेरिकेच्या एनएसएने आणि ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राने आपापल्या सरकारी कामासाठी क्वांटम किल्ल्यांची शिफारस केलेली नाही. त्यांचं म्हणणं, खास यंत्रं लागतात, समोरचा माणूस खरा कोण हे ओळखायला वेगळी व्यवस्था लागतेच, आणि नियम पक्के असले तरी यंत्रं पक्की नसतात. हे शेवटचं तर २०१० मध्ये सिद्धच झालं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या क्वांटम यंत्रांच्या डिटेक्टरवर तेज प्रकाश टाकून त्यांना आंधळं केलं आणि सगळी किल्ली पत्ता न लागू देता काढून घेता येते हे दाखवून दिलं. पॉवर सप्लायच्या आवाजाचीच पुढची आवृत्ती. शिवाय क्वांटम कॉम्प्युटरलाही सुटू नये असं नवं गणित तयार आहे. अमेरिकेच्या निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पहिली तीन स्टँडर्ड्स जाहीर केली. ते सॉफ्टवेअर आहे, मोबाइलमध्ये जाऊन बसतं, त्याला दुर्बीण लागत नाही.

मग माझं मत काय? बँक, तिकीट, आपली चॅटिंग यांना नवं गणितच हवं. तिथे उपग्रह म्हणजे मच्छर मारायला तोफ. पण गणित आज सुटत नाही याचा अर्थ उद्या सुटणार नाही असा होत नाही, आरएसएचं काय झालं ते समोर आहे. ज्या थोड्या गोष्टी पन्नास वर्षं गुप्त राहायला हव्यात त्यांच्यासाठी दोन वेगळ्या जातीची कुलपं असावीत, आणि त्यातलं एक आपण स्वतः बनवलेलं असावं. हे सरांना पूर्ण पटलं नाही. त्यांनी मार्क मात्र बरे दिले.

आपल्याकडे काम चालू आहे. मार्च २०२१ मध्ये इस्रोने अहमदाबादला दोन इमारतींमध्ये, ३०० मीटर मोकळ्या हवेतून, क्वांटम किल्ली पाठवून तिच्यावर व्हिडिओ कॉल केला. दोन्हीकडची घड्याळं जुळवायला आपल्याच नाविकचे रिसीव्हर वापरले. बंगळूरची रामन संशोधन संस्था इस्रोबरोबर याच विषयावर काम करत आली आहे. २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरच्या वर, फायबरमधून किल्ली पाठवली. आणि एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नॅशनल क्वांटम मिशनमध्ये, ६००३.६५ कोटी रुपयांच्या, २०३०-३१ पर्यंतच्या, उपग्रहाद्वारे देशात २००० किलोमीटरवर किल्ली पोचवायची असं लिहिलेलं आहे. तोवर चीन पुढे गेलाच. २०२२ मध्ये सोडलेल्या त्यांच्या छोट्या उपग्रहावरचं क्वांटम यंत्र जेमतेम २३ किलोचं, जमिनीवरचं स्टेशन शंभर किलोचं, उचलून कुठेही नेण्यासारखं. त्यातून चीन ते दक्षिण आफ्रिका, १२,९०० किलोमीटर, किल्ली गेली. तो पेपर २०२५ मध्ये आला. त्यातही उपग्रह ट्रस्टेडच आहे बरं का. रूममेटने आधी तेच तपासलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी एकत्र नाव दिलं आहे. खरा एकेक फोटॉन मोजणारा डिटेक्टर कॉलेजच्या बजेटात बसत नाही, म्हणून सध्या लेझर पॉइंटर, चार पोलरॉइडच्या चकत्या आणि दोन छोट्या मोटरींवर बीबी-८४ ची नक्कल करतोय. चोराचं काम ती करते. परवा तिने लेझरला हात न लावता, मोटर किती वेळ घर्रर्र करते त्यावरून २० पैकी १७ बिट ओळखले. आता मोटरींवर स्पंज गुंडाळायचं काम चालू आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी फिजिक्स लॅबमध्ये मंगळवारी किंवा गुरुवारी सहानंतर यावं, अंधार लागतो. येताना मोबाइलचा टॉर्च बंद ठेवा, आणि कोणाकडे जुना स्पंज असेल तर घेऊन या.